सगळ्या भुतांचा बाप

आमच्या कारखान्यात मूळ साच्याला बाप म्हणतात. "बाप खाली काढ," "बाप धुतला का?", "बापावर माती चढव" अशी बोलणी दिवसभर चालतात, आणि नव्यानं आलेल्या माणसाला वाटतं, असेल हा धंद्यातलाच शब्द, गवंड्याचा ओळंबा असतो तसा. आता तर दुसऱ्या कारखान्यांतही हाच शब्द चालतो. आमच्याकडून सोडून गेलेले कारागीर तो बरोबर घेऊन गेले. तो बाप खरोखरच कुणाचा तरी बाप होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. माझा होता, आणि माझ्या दादाचा.

आम्ही भुतांची तोंडं बनवतो. नाटकांसाठी, सिनेमांसाठी, भूतबंगल्यांसाठी. दादानं हा धंदा सुरू केला तेव्हा त्याच्याजवळ एक खोली होती, प्लास्टरची अर्धी गोणी होती आणि बाबा होते. बाबा नाट्यगृहात पडदा ओढायचे. खोकला आला तरी गिळून, तासन् तास दोरीला धरून अंधारात उभं राहायची त्यांना सवय होती, म्हणून तोंडावर प्लास्टर थापून घ्यायला दादानं त्यांनाच निवडलं. भुवयांना तेल लावलं, नाकात दोन नळ्या घातल्या आणि वर पांढरा गाळ ओतला. आई दारात उभी होती. तिची नजर तेव्हा अंधूक झाली होती, पण आकार कळायचे. ती म्हणाली, "अरे, जित्या माणसाला पुरताय की काय?" बाबांना बोलता येत नव्हतं. पण प्लास्टर वाळून निघालं तेव्हा तोंडाचा डावा कोपरा जरासा वर उचललेला आला. आम्ही म्हणायचो, बाबा आईच्या बोलण्याला हसले.

पुढं बाबा फार दिवस राहिले नाहीत. त्यांचा एकच फोटो होता, लग्नातला. एरवी खांबासारखा उभा राहणारा माणूस, पण नेमक्या त्या क्षणी मान वळवून आईकडे बघायला गेला. फोटोत आई स्पष्ट दिसते, आणि तिच्या शेजारी कोटाच्या वर नुसता धूर आहे. म्हणजे बाबांचं तोंड जगात दोनच ठिकाणी उरलं, दादाच्या प्लास्टरमध्ये आणि आमच्या डोळ्यांत. आईचे डोळे त्यानंतर लवकरच पार गेले.

दादाला पहिलं काम मिळालं ते मुलांच्या नाटकाचं. राक्षस हवा होता. दादानं बाबांच्या कपाळावर मातीची शिंगं चढवली, गाल फुगवले, त्यावरून साचा घेतला आणि साच्यात रबराचं दूध ओतलं. राक्षस झाला. मग त्यानं सगळी माती खरवडून काढली, प्लास्टरचे बाबा ओल्या फडक्यानं पुसले आणि फळीवर ठेवले. आईला राक्षस हातात देऊ केला तर ती म्हणाली, "नको बाबा, रबराचा वास येतो." तिनं तो घेतला नाही आणि पुढं कधीच कुठलंही भूत हातात घेतलं नाही.

काही वर्षांनी राक्षसाला कुणी विचारेनासं झालं. लोकांना रक्त पिणारा हवा झाला. उंची कपड्यांतला, केस मागे विंचरलेला, पाहुण्यासारखा दारात थांबून "आत येऊ का?" म्हणणारा. दादानं शिंगं टाकली, गाल सपाट केले, दोन सुळे दिले. दादाचा जुना जोडीदार होता, सगळे त्याला चिखल्या म्हणायचे, कारण त्याचे हात कोपरापर्यंत कायम मातीनं भरलेले. तो म्हणाला, "राक्षसाला शाळेत घातलं की हा होतो." मग लांडगामाणसाची हवा आली. तेव्हा त्या रक्तपिप्यालाच मी भुवईपासून मानेपर्यंत केस टोचले. मी नवऱ्याचं घर सोडून परत आले होते, दादानं मला वरच्या मजल्यावर केसांचं काम दिलं होतं. एकेक केस सुईनं रबरात बसवायचा. माझ्या बोटांची चाळण झाली, पण लांडगा असा उतरला की नटाच्या बायकोनं त्याला घरात घेतलं नाही.

आमच्याकडे एक गोष्टवाला यायचा. भुतांची नाटकं लिहायचा, पुढं सिनेमे लिहायला लागला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. चिखल्या त्याचं लिहिलेलं मोठ्यानं वाचायचा आणि मी केस टोचत ऐकायची. एकदा गोष्टवाला फळीवरच्या डोक्यांकडे बघत दादाला म्हणाला, "तुमची सगळी भुतं एकाच घरातली वाटतात हो. नाक बघा, जबडा बघा."

"एकाच घरातली आहेत," दादा म्हणाला.

गोष्टवाल्यानं ते डोक्यात घेतलं. पुढच्या नाटकात त्यानं रक्तपिप्या आणि लांडगा सावत्र भाऊ दाखवले. लोक वेडे झाले. मग काय, कुंपणच तुटलं. पूर्वी कसं, राक्षस खायचा, रक्तपिप्या प्यायचा, लांडगा फाडायचा, ज्याची त्याची कामं ठरलेली. आता कुणीही कुणाचंही काम करायला लागलं. गोष्टवाला मागणी सांगायला आला की चिखल्या त्याला सोडायचा नाही.

"हा मेलेला आहे," गोष्टवाला म्हणायचा, "पण रक्त पितो. आणि चंद्र दिसला की अंगावर केस येतात."

"दिवसा काय करतो?"

"झोपतो."

"झोपतो की कुजतो? मेलेला आहे म्हणता ना? मला त्यावर रंग ठरवायचा आहे."

"थोडा कुजतो. पण देखणा राहिला पाहिजे. मुलगी त्याच्या प्रेमात पडते."

"म्हणजे जावई," चिखल्या म्हणायचा. "सरळ सांगा की. जावयाचा रंग आहे माझ्याकडे."

असं हसतखेळत चालायचं. दादाचा एकच नियम होता. बापाला हत्यार लावायचं नाही. वर हवी तेवढी माती चढवा, काम झालं की उतरवा. "बाबांना आण" असं तो म्हणायचा. कारागिरांच्या तोंडी बाबांचा बाप झाला.

दादा गेला आणि कारखाना त्याच्या मुलाकडे आला. माझा भाचा वाईट नाही. मला आणि आईला त्यानं कधी काही कमी पडू दिलं नाही. पण त्यानं आजोबा पाहिलेले नाहीत. तो जन्मला तेव्हा आजोबा फळीवर होते.

त्याच्या काळात मढ्यांची लाट आली. चालती मढी, झुंडीनं येणारी, कुणालाच नाव नाही, कुणालाच बोलता येत नाही. आधीची भुतं निदान एकटी यायची आणि काहीतरी मागायची. ही नुसती चालायची. त्यांच्यामुळं कारखान्याचं छत पक्कं झालं, आणि त्यांच्यामुळंच घात झाला. कारण राक्षस, रक्तपिप्या, लांडगा, हे सगळे भर घालून होतात. शिंग वर येतं, सुळा बाहेर येतो, केस बाहेर येतात. मढ्याला मात्र खोदावं लागतं. गाल आत, डोळे आत, नाकाचं हाड उघडं. माती चढवून खड्डा होत नाही.

मला हे तेव्हा कळलं नाही. मी वरच्या मजल्यावर. माझ्याकडे येईपर्यंत भूत पुरतं होऊन आलेलं असायचं.

एका दुपारी वरच, आमच्या राहत्या खोलीत, मी आईचे केस विंचरत होते. आईचं वय इतकं झालंय की आम्ही ते बोलून दाखवत नाही. ती म्हणाली, "त्याचं तोंड निसटायला लागलंय गं."

"कुणाचं?"

"तुझ्या बाबांचं. कपाळ येतं. नाक येतं. मग खाली यायला गेलं की काहीच नसतं. भिंत."

माझी गत तिच्याहून वाईट होती. मी बाबांना आठवायला गेले की त्यांच्या तोंडावर केस यायचे, आणि केस बाजूला सारले की सुळे. इतकी वर्षं त्याच तोंडात सुया टोचल्या होत्या. मला वाटायचं, असू दे, आईजवळ तरी ते जसंच्या तसं आहे. तिनं एकही भूत पाहिलेलं नव्हतं.

"दादानं प्लास्टर ठेवलंय ना त्याचं?" आई म्हणाली. "खालीच तर आहे. आण की. एकदा हात फिरवते, म्हणजे बसेल परत जागेवर."

मी खाली गेले. चिखल्या टेबलापाशी माती मळत होता, आणि नवा रंगारी शिट्टी वाजवत कुणाच्या तरी गळ्याला जखम रंगवत होता.

"बाप दे," मी म्हणाले.

"कुठला, आत्या?" चिखल्या म्हणाला. कारखान्यात सगळे मला आत्याच म्हणतात.

"कुठला म्हणजे?"

"मढ्याचा आहे, मासामाणसाचा आहे, त्या परग्रहावरच्याचा आहे..."

"पहिला. बाबांचा. आईला हात फिरवायचाय."

चिखल्याचे हात मातीत थांबले. रंगारी मात्र खुशीत होता. "काय चिखल्याकाका," तो म्हणाला, "आता बाप दाखव, नाहीतर श्राद्ध घाल."

चिखल्यानं त्याला बाहेर घालवलं. मग हात न धुताच खुर्चीवर बसला. "तो फुटला, आत्या. मढ्यांच्या वेळेला. गाल खोल करताना छिन्नी आरपार गेली. मी मालकांना सांगितलं, बाप फुटला. ते फोनवर होते. म्हणाले, दुसरा कर."

"मग?"

"मग मी दुसरा केला. तुकडे जोडून, खोदलेल्यावरूनच. त्यावरून तिसरा. आता फळीवर आहेत ते सगळे मढ्याचे आहेत. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही तुमच्यापुढं. कितीदा जिन्यापर्यंत येऊन परत गेलो."

मी त्याला शिव्या देणार होते. पण त्याचं तोंड बघून दिल्या नाहीत. मी विचारलं, "माती घेऊन वर येशील का?"

अशी सुरुवात झाली. चिखल्या दुपारी काम संपवून वर यायचा. लाकडी पाटावर मातीचं एक ढोबळ डोकं उभं केलं, तो पाट आईच्या मांडीशी ठेवला. आईनं हात लावला आणि पहिल्यांदा म्हणाली, "एवढं मोठं डोकं? याला टोपी बसायची नाही."

"कमी करतो, आजी."

"कान खाली घे. आणखी. माकड नव्हता तो. हां."

तिचा हात पुढं, त्याचा हात मागं. ती बोट दाबायची, तो तिथं माती काढायचा. कधी भरायचा. कपाळ लवकर झालं. नाकाला वेळ लागला, कारण नाक एका बाजूला किंचित वाकलेलं होतं हे तिला आठवेना, पण सरळ केलेलं नाक तिला पटेना. "हे सरकारी माणसाचं नाक आहे," ती म्हणाली. चिखल्या हसून हसून खोकला. आईला चेव चढायचा. "आंधळं दळतंय," ती म्हणायची, "बघा रे, कुत्रं पीठ खाईल."

तोंडापाशी मात्र सगळं अडलं. ती बोटं ओठांच्या जागी ठेवायची आणि तशीच बसायची. दोन-तीन दुपारी अशाच गेल्या. शेवटी मी म्हणाले, "आई, प्लास्टरमध्ये डावा कोपरा वर होता. हसल्यासारखा."

"हसल्यासारखा?"

"तू म्हणालीस ना, जित्या माणसाला पुरताय का. तेव्हा हसले."

"तो कसला हसतोय!" आई म्हणाली. "त्याची खालची दाढ किडलेली होती. सतत ठणकायची. काढून घ्यायला घाबरायचा, म्हणून तोंड असं वर ओढून धरायचा. जन्मभर." आणि असं म्हणता म्हणता तिची बोटं चालायला लागली. ओठाचा कोपरा तिनं स्वतःच्या अंगठ्यानं उचलला. गालाला आतून ताण दिला. हनुवटी जराशी सरकवली. मग हात मागं घेतला, पुन्हा पुढं नेला आणि अख्ख्या तोंडावरून हळूच फिरवला. "आलास का?" ती मातीला म्हणाली. "दाढ कशी आहे?"

चिखल्या उठून खिडकीपाशी गेला. मी पाट उजेडाकडे वळवला. समोर बाबा होते. भाच्याचं कपाळ, दादाचा जबडा आणि ठणकत्या दाढेनं ओढलेलं तोंड. ना शिंग, ना केस. किती वर्षांनी मला त्यांचा आवाजसुद्धा आठवला.

मातीला भेगा पडतात. ती टिकवायची तर साचा घेऊन प्लास्टर ओतावं लागतं, आणि साचा उकलताना माती मोडते. म्हणून चिखल्या पाट खाली घेऊन गेला. मी त्याला बजावलं, "एकच काढायचं. आईसाठी. आणि फळीवर ठेवायचं नाही."

"शपथ घेऊ का?" तो म्हणाला.

त्याच दिवसांत गोष्टवाल्याचा मोठा सिनेमा अडला होता. त्याच्या सगळ्या भुतांच्या गोष्टी त्यात एकत्र येणार होत्या, आणि शेवटी ज्याच्यापासून ही सगळी पैदास झाली तो प्रकट होणार होता. सगळ्या भुतांचा बाप. कागदावर त्या पात्राचं नावच 'बाप' होतं, आमच्या कारखान्यातला शब्द त्यानं उचलला होता. आम्ही त्याला किती तोंडं करून दिली. एकाला शिंगांचं रान, एकाला तीन जबडे, एक नुसता मांसाचा गोळा. प्रत्येक वेळी तो डोकं हलवायचा. "लोक हसतात हो," म्हणायचा. "शिंगं दिसली की पोरं फोटो काढायला पुढं येतात. सुळे तर वाढदिवसाला वाटतात. कशाला भ्यावं आता?"

तो भाच्याबरोबर खाली उतरला तेव्हा बाबांचं प्लास्टर टेबलावर वाळत होतं. पुढचं मला चिखल्यानं सांगितलं, जिन्याच्या पायरीवर बसून, माझ्याकडे न बघता.

गोष्टवाला टेबलापाशी थबकला. "हा कोण?" त्यानं विचारलं.

आणि चिखल्या, ज्याला त्या कामाचा असा अभिमान वाटत होता जसा आयुष्यात कशाचा वाटला नव्हता, म्हणाला, "हा बाप."

"मी बाबांचा म्हणून बोललो, आत्या," तो मला म्हणाला. "आपला बाप. मला काय ठाऊक त्याच्या डोक्यात कुठला बाप होता! तो हललाच नाही. मग मालकांचा हात धरून म्हणाला, मिळाला. म्हणाला, बघा, हा हसतोय की नाही तेच कळत नाही. हा आपल्या शेजारी राहत असेल. हा सगळं ऐकून घेईल आणि मग काय करील, सांगता येत नाही."

"दाढ दुखतीये त्यांची," मी म्हणाले.

"मला ठाऊक आहे," चिखल्या म्हणाला.

मी भाच्याच्या खोलीत गेले. तो फोन ठेवून उठला, मला खुर्ची दिली. त्याला कळलं होतं मी कशाला आले ते.

"तो तुझा आजोबा आहे," मी म्हणाले.

"आत्या, आजोबा आधीही होतेच की. आपलं घर कशावर चाललं इतकी वर्षं? राक्षस आजोबा, लांडगा आजोबा. मढी सगळी आजोबाच. तू स्वतः केस टोचलेस."

"तेव्हा त्यांच्यावर काहीतरी असायचं. कुणाला कळत नव्हतं खाली कोण आहे ते."

"आता तरी कुणाला कळणार? त्यांना ओळखणारं कोण उरलंय? तू, आजी आणि चिखल्या. आजीला दिसत नाही." तो हे लागावं म्हणून म्हणाला नाही. हिशेबासारखं म्हणाला. तेच जास्त लागलं.

"मी फोडून टाकीन ते."

"फोड," तो म्हणाला. "मग आजीच्या हातात काय देशील? माती मोडली. तेवढंच आहे."

माझ्याजवळ धमकी तेवढी एकच होती, आणि ती मला स्वतःलाच परवडणारी नव्हती. मग मी जे बोलले ते माझ्या तोंडून कधी निघेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "मग निदान दात तरी लाव. दोन सुळे. शिंगं लाव बारीकशी. मी केस टोचून देते, रात्रंदिवस बसते. काहीतरी चढव त्यांच्यावर."

भाचा माझ्याकडे बघत राहिला. "आत्या," तो हळूच म्हणाला, "दात लावले तर घाबरेल कोण?"

आईचा वाटा मात्र त्यानं चुकवला नाही. प्लास्टरचं एक तोंड आईसाठी वर पाठवलं, चांगल्या लाकडी बैठकीवर बसवून. त्यावरून काढलेली बाकीची खाली राहिली. आई ते उशाशी घेऊन झोपायला लागली. बोलायची त्याच्याशी. दाढेची चौकशी करायची. तिचं तोंड पुन्हा भरल्यासारखं झालं, जेवायला लागली. त्यासाठी मी भाच्याला दुवा देते, आणि दिल्यावर माझाच मला राग येतो.

मग रस्त्यांवर चित्रं लागली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानावर, बसथांब्याच्या पाठीला. काळ्या रंगातून उगवलेले बाबा, आणि खाली फक्त एक शब्द, बाप. दुकानांत रबराचे मुखवटे टांगले गेले. शाळेतून येणारी मुलं ते घालून कोपऱ्यावर दबा धरायची, आणि काही करायची नाहीत, नुसती उभी राहून बघायची, कारण सिनेमातला तो तेवढंच करायचा. शेजारीण एकदा आईला बघायला आली आणि दारातच थांबली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काय हो हे! म्हातारीच्या उशाशी भूत कशाला ठेवलंय? जीव जायचा तिचा." मी प्लास्टरवर फडकं टाकायला लागले. आई ते ओढून काढायची. "त्याला गुदमरतं," म्हणायची.

भाच्यानं पहिल्या आठवड्यातच आम्हा दोघींना सिनेमाला नेलं. मी नको म्हणत होते. आई म्हणाली, "का नको? मला पडद्याजवळ बसायला आवडतं. मी नुसतं ऐकीन. माझ्या नातवाचं काम आहे." दुपारचा खेळ होता. हॉल भरलेला होता. आईला मी रांगेच्या टोकाला बसवलं, तिचा हात माझ्या हातात घेतला.

मढी आली, लोक हसले. लांडगा आला, कुणीतरी त्याच्यासारखं विव्हळलं, पुन्हा हसले. रक्तपिप्या आला तेव्हा मुलींनी शिट्ट्या मारल्या. आई मजेत होती. "चांगलं चाललंय," म्हणाली.

मग एक दार उघडलं आणि हॉल गप्प झाला. असा गप्प की पंख्यांचा आवाज येऊ लागला. पाठीमागे एक बाई घुसमटल्यासारखी ओरडली.

"कोण आलं गं?" आईनं विचारलं.

मी वर बघितलं. बाबा होते. भिंतीएवढे. तोंडाचा कोपरा दाढेनं वर ओढलेला. ते आमच्याकडेच बघत होते.

"भूत," मी म्हणाले.

"कसं आहे?"

"मोठं आहे. शिंगं आहेत, ही अशी मागं वळलेली."

"आणि?"

"केस आहेत कमरेपर्यंत. जीभ बाहेर. सुळे हनुवटीच्या खाली आलेत."

आई खुदकन हसली. "एवढं सगळं एकट्याला? आणि त्याला लोक घाबरतात?"

"घाबरतात."

"तोंड कसं आहे?"

"तोंड कुठलं, आई? नुसते दात आहेत."

पुढच्या रांगेतला एक माणूस मान वळवून आमच्याकडे बघत होता. अंधारात त्याचे डोळे तेवढे चमकले. "अहो बाई," तो कुजबुजला, "काहीतरीच काय सांगताय त्यांना? शिंगं कुठायत? साधा माणूस आहे तो. म्हणून तर भीती वाटते."

आईचा हात माझ्या हातात थांबला. "काय म्हणाला तो?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "त्याला नीट दिसत नाहीये."